वीस मिनिटं चालतो, मग बंद पडतो

पटेलकाकांचा पहिला फोन आला तेव्हा मी दुकानात एका रिक्षाचा स्टार्टर उघडून बसले होते. "बेन, करंट नथी आवतो," एवढंच म्हणाले. कशात करंट येत नाही, हे विचारायच्या आत त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून दिला. बघितलं तर एक पिवळा-पांढरा, खेळण्यातला मोठा करून ठेवल्यासारखा ट्रॅक्टर.

बडोद्याजवळ पादरा गाव आहे, त्याच्या पुढे त्यांची वाडी आहे. भाऊ न्यू जर्सीला. बऱ्याच वर्षांपूर्वी भावानं घर बदललं, तेव्हा सामानाच्या कंटेनरमध्ये हा पठ्ठ्याही चढवून दिला. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट, मॉडेल १०२. हे मॉडेल १९६५ ते ६७ या काळात निघालं, म्हणजे माझ्याहून वयानं मोठं. आपल्याकडे ट्रॅक्टर म्हटलं की डिझेल. याला मात्र एका सिलिंडरचं, दहा हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन आहे, कोहलरचं के २४१. हो, तीच नळ आणि कमोडवाली कोहलर. काकांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले, की त्या दिवसापासून ट्रॅक्टरचं नाव 'संडास' पडलंय. वाडीवर तो भाजीच्या दोन वाफ्यांमधून छोटी ट्रॉली ओढतो आणि मुलं अमेरिकेहून आली की त्यांच्यासाठी राखलेलं गवत कापतो.

मी बडोद्यात, अकोटा भागात, ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान चालवते. दुकान बाबांचं. ते आता एकोणऐंशीचे आहेत, घरी ओटल्यावर बसून सल्ले देतात. मी रोज स्टार्टर, डायनॅमो, वायरिंग असलं काम करते. पण जुन्या पेट्रोल इंजिनाचं काम आलं की हातातलं टाकून जाते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

तर करंट येत नव्हता. गेले, बघितलं, आणि पाच मिनिटांत कळलं की कोणीतरी आधीच 'इलेक्ट्रॉनिक' करून ठेवलंय. काकांच्या पुतण्यानं तिकडून एक मॉड्यूल पाठवलं होतं. खोडरबराएवढा काळा चौकोन आणि त्यातून बाहेर आलेली एक वायर. पाकिटावर लिहिलेलं: प्लॅटिन आणि कंडेन्सर काढा, हे लावा, कटकट संपली. (प्लॅटिन म्हणजे ठिणगीसाठी करंट तोडणारा, दोन टिकल्यांचा उघडझाप करणारा छोटा स्विच. कंडेन्सर त्याचा जोडीदार.) इथल्या एका गॅरेजवाल्यानं ते इमानदारीत लावलं. प्लॅटिन काढून डबीत घातलं, ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणाऱ्या कॉइलची वायर मॉड्यूलला जोडली, मॉड्यूल बॉडीला स्क्रूनं कसलं. तेव्हापासून ट्रॅक्टर मुका.

मॉड्यूल खराब नव्हतं. घर चुकलं होतं.

हे जरा नीट सांगते, कारण ही चूक मी इतर इंजिनांवरही बघितलीय. लहान पेट्रोल इंजिनात ठिणगी दोन तऱ्हांनी बनते. एक मॅग्नेटो: फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकात, लोहचुंबक असतात, ते कॉइलशेजारून फिरत जातात आणि कॉइलमध्ये वीज तिथल्या तिथे तयार होते. बॅटरी नसली तरी चालतं. आपल्या जुन्या स्कूटरचं मॅग्नेट आठवा. दुसरी बॅटरीवाली: बॅटरीचा सरळ करंट कॉइलमधून सतत वाहतो आणि प्लॅटिन उघडलं की तो तुटतो, तुटला की ठिणगी. जुन्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये हेच.

ते काळं खोडरबर मॅग्नेटोसाठी बनवलेलं. चुंबक जवळून गेला की कॉइलच्या प्रायमरीत, म्हणजे जाड तारेच्या वेटोळ्यात, वीज चढते, मॉड्यूल ती चढण ओळखतं, आधी तिला वाट करून देतं आणि टोकाला पोचली की झटक्यात तोडतं. त्याला वेगळा सेन्सर नसतो, ती चढती वीज हाच त्याचा इशारा. आता कब कॅडेटमध्ये बॅटरी. तिथे बारा व्होल्ट आहेत ते आहेतच, चढ नाही, उतार नाही. तोडायचं कधी, हे त्या बिचाऱ्याला सांगणार कोण? पाकिटावर मॅग्नेटो हा शब्द होता, पण बारीक अक्षरांत, मागच्या बाजूला.

या ट्रॅक्टरला बॅटरी आहे हे न दिसण्याचंही एक कारण असावं. स्टार्टर आणि जनरेटर एकच आहे, पट्ट्यावर चालणारा एकच गोळा. चालू करताना तो इंजिनाला फिरवतो, मग इंजिन त्याला फिरवतं. नवखा माणूस स्टार्टर शोधत बसतो.

मी काकांना दोन रस्ते सांगितले. जुनं प्लॅटिन परत बसवा, किंवा मी ट्रान्झिस्टरवालं सर्किट करून देते. त्यात प्लॅटिन राहतं, पण फक्त इशारा देण्यापुरतं. कॉइलचा भारी करंट ट्रान्झिस्टर तोडतो, म्हणून प्लॅटिन जळत नाही. तिसरा रस्ताही आहे, फ्लायव्हीलमध्ये छोटा चुंबक बसवून हॉल सेन्सरनं, म्हणजे चुंबक जवळ आला की ओळखणाऱ्या सेन्सरनं, इशारा घ्यायचा, प्लॅटिनला कायमची रजा. पण साठ वर्षांच्या ओतीव लोखंडी फ्लायव्हीलला मी ड्रिल लावणार नाही. ते ३६०० आरपीएमपर्यंत फिरतं. चिकटवलेला चुंबक त्या वेगात सुटला तर कुठे जाईल, याचा विचार मी करून ठेवलाय. इतर लोक करतात, त्यांची छाती मोठी.

काकांना 'इलेक्ट्रॉनिक'च हवं होतं. पुतण्याला फोटो पाठवायचा होता.

दुकानात दोन रात्री बसून सर्किट केलं. बीयू ९३१ ट्रान्झिस्टर, जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, प्लॅटिनकडे ४७० ओहमचा रेझिस्टर. पूर्वी माझ्याकडे जुना ऑसिलोस्कोप होता, त्यावर ठिणगीचा आकार दिसायचा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी अकोट्यात शिरलं त्यात तो गेला. (त्या पुरात आमच्या भागात एका घराच्या पत्र्यावर मगर चढून बसल्याचा फोटो सगळ्या देशानं बघितला. माझ्या ऑसिलोस्कोपचा फोटो कोणी काढला नाही.) तेव्हापासून माझ्याकडे मल्टिमीटर, बारा व्होल्टचा टेस्ट-बल्ब आणि एक जुना प्लग, एवढीच संपत्ती. त्या प्लगचा बाजूचा इलेक्ट्रोड कापून टाकलाय. नेहमीचा प्लग हेडला टेकवून ठिणगी बघण्यात फसवणूक असते. मोकळ्या हवेत मरतुकडी कॉइलसुद्धा छोटा गॅप ओलांडते, सिलिंडरमध्ये दाबाखाली मात्र तिचा जीव जातो. कापलेल्या प्लगला ठिणगीनं मोठी उडी मारावी लागते. ती निळी आणि कट्‌कट्‌ आवाज करत आली तर कॉइल धड.

प्लॅटिनचा गॅप वीस थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे अर्धा मिलिमीटर. टायमिंगसाठी फ्लायव्हीलवर 'एस' आणि 'टी' अशा दोन खुणा आहेत. टी म्हणजे पिस्टन अगदी वर, एस त्याच्या वीस अंश आधी. टेस्ट-बल्ब लावून हातानं फ्लायव्हील फिरवत न्यायचं. एसची खूण भोकात दिसते त्याच क्षणी बल्बनं पलटी मारली पाहिजे. गॅप जरा हलवला की टायमिंग हलतं, दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. मी गॅप सतरापासून बाविसापर्यंत फिरवून पुन्हा विसावर आले. काका खाटेवर बसून बघत होते. म्हणाले, "बेन, घड्याळ दुरुस्त करते आहेस की ट्रॅक्टर?"

किल्ली फिरवली. पहिल्याच दमात उठला. धुक्‌धुक्‌धुक्‌, एका सिलिंडरचा तो जड ठेका. काकांनी व्हिडिओ काढला, न्यू जर्सीला पाठवला, मला पापडी आणि रताळी बांधून दिली. मीही घरी येऊन बाबांना जरा ऐटीतच सांगितलं. ते म्हणाले, "आठ दिवस जाऊ देत."

नवव्या दिवशी फोन.

वीस मिनिटं चालतो, मग खोकत नाही, गुरगुरत नाही, सरळ बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा उठतो, जसं काही झालंच नाही. पुन्हा वीस मिनिटं.

हे लक्षण ऐकलं की शंभरातले नव्वद मेकॅनिक म्हणणार, कॉइल. गरम झाली की आतलं इन्सुलेशन फुटतं, गार झाली की सांधतं. मीही तेच म्हटलं. रावपुऱ्यातून नवीन बारा व्होल्टची कॉइल घेतली, अ‍ॅक्टिवावर अटलादऱ्यावरून पादऱ्याकडे निघाले. थंडीचे दिवस, सकाळी धुकं. वाटेत शेवउसळ खाल्ली, हे बाबांना सांगितलेलं नाही.

पोचल्यावर मात्र घाई केली नाही. कारण हेच लक्षण पेट्रोलचंही असतं. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल उतरतं तशी टाकीत पोकळी होते आणि थोड्या वेळानं उतरणंच थांबतं. थांबलेल्या वेळात हवा झिरपते, ट्रॅक्टर पुन्हा चालतो. तंतोतंत वीस मिनिटांचा खेळ. म्हणून पहिल्यांदा झाकण सैल ठेवून चालवला. एकोणीस मिनिटांनी बंद. लगेच कापलेला प्लग लावून किल्ली फिरवली: ठिणगी नाही. चला, पेट्रोल सुटलं. दोष विजेचाच.

गरम कॉइलची प्रायमरी मोजली. सकाळी गार असताना ३.९ ओहम होती, आता ४.६. काकांचा शेजारी मीटरमध्ये डोकावत म्हणाला, बघा, वाढलंय, गेली. नाही हो. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतोच, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. पंचेचाळीस अंश तापली की ३.९ चे ४.६ होणारच. हा आकडा बघून किती धडधाकट कॉइली भंगारात गेल्या असतील! तरी खात्रीसाठी नवीन कॉइल लावली. गार होऊ दिला, चालवला, घड्याळ लावलं. एकवीस मिनिटं. बंद.

मग माझ्या ट्रान्झिस्टरवर संशय. ते इंजिनाच्या पत्र्यावर कसलेलं होतं, तिथे ताप भरपूर. काढून लांब वायरीनं सीटखाली नेलं, वर ओलं फडकं गुंडाळलं. बावीस मिनिटं. बंद. फडकं गारच होतं.

आता दुपारचा एक. काकींनी ताट वाढलं, माझं लक्ष नव्हतं. बाबांना फोन लावला.

"प्लॅटिन बघितलंस?"

"बाबा, प्लॅटिनमधून आता काही जातच नाही. नुसता इशारा आहे तो."

"तेच विचारतोय. बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. सकाळपासून तीन तास मी फक्त मला नवीन वाटणाऱ्या वस्तू तपासत होते. कॉइल, ट्रान्झिस्टर, वायर. प्लॅटिन मी स्वतः घासून, गॅप लावून बसवलेलं, म्हणून माझ्या हिशेबात ते निर्दोष सुटलेलं होतं.

ट्रॅक्टर बंद पडल्या-पडल्या, काही न हलवता, मल्टिमीटरची टोकं प्लॅटिनच्या दोन बाजूंना लावली. प्लॅटिन मिटलेलं होतं. मिटलेल्या प्लॅटिनवर व्होल्टेज जवळजवळ शून्य दिसलं पाहिजे. दिसलं ११.६. म्हणजे डोळ्याला मिटलेलं, विजेला उघडं. झाकण काढलं आणि तिरप्या उन्हात धरलं. दोन्ही टिकल्यांवर तेलाची साय चमकत होती, पाण्यावरच्या पेट्रोलसारखे रंग त्यात. काकांचं व्हिजिटिंग कार्ड पेट्रोलमध्ये बुडवून टिकल्यांमधून ओढलं. काळी रेघ उमटली. दुसऱ्यांदा करडी, तिसऱ्यांदा कोरी. किल्ली फिरवली, गरम इंजिन तिथल्या तिथे उठलं.

तेल आलं कुठून? या इंजिनात प्लॅटिन फ्लायव्हीलखाली नाही, बाहेर कुशीत एका छोट्या झाकणाखाली असतं. आतला कॅमशाफ्ट एका काडीएवढ्या दांडीला ढकलतो आणि ती दांडी बाहेर येऊन प्लॅटिन उघडते. साठ वर्षांत त्या दांडीचं भोक ढिलं होणारच. इंजिन तापलं की तेल पातळ होतं आणि दांडीच्या अंगानं झिरपत बाहेर येतं.

पण मग जुन्या मालकाकडे, भावाकडे, तो वर्षानुवर्षं चालला कसा? तिथेच माझी चूक सापडली. मूळ रचनेत प्लॅटिनमधून कॉइलचा पूर्ण करंट जायचा. बारा व्होल्ट, चार ओहम, तीन अँपिअर. प्रत्येक उघडझापीला बारीक ठिणगी. ती टिकल्या जाळायची खरी, पण त्याबरोबर त्यांच्यावरचं तेलही जाळायची. मी तिथे ४७० ओहम घालून तीन अँपिअरचे पंचवीस मिलिअँपिअर केले. एकशेविसावा हिस्सा. एवढ्याशा करंटला तेलाची साय म्हणजे भिंत. टिकल्या जळू नयेत म्हणून केलेल्या सोयीनं त्यांची रोजची साफसफाईच बंद पाडली होती.

थांबल्यावर तो पुन्हा का उठायचा, याबद्दल माझा अंदाज असा, की आतून ढकलणारा दाब ओसरतो, तेल खाली निथळतं आणि मिटलेल्या टिकल्यांमधली उरलीसुरली साय स्प्रिंगच्या जोरानं पिळून निघते.

दाब म्हटलं आणि हात थांबला. क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या तेलाच्या पेटीत, दाब साचता कामाच नये. त्यासाठी व्हॉल्व्हच्या झाकणात ब्रीदर असतो, आतली हवा बाहेर सोडणारा, बाहेरची आत न घेणारा पातळ पत्तीचा पडदा. तो उघडला. जाळीत माती आणि तेलाचा चिखल, वाळून काकवीसारखा घट्ट झालेला. हवा जायला वाटच नाही, मग ती वाट काढणार त्या ढिल्या भोकातून, आणि सोबत तेल घेऊन येणार. करंट येत नाही म्हणून सुरू झालेलं काम अखेर येऊन थांबलं एका तुंबलेल्या नाकपुडीपाशी.

जाळी रॉकेलमध्ये भिजवून ब्रशनं घासली, पत्ती सरळ आहे का ते काचेवर ठेवून बघितलं, नवीन गॅस्केट हातानं कापलं. सर्किटमध्ये बॅटरीकडून थेट प्लॅटिनला आणखी एक रेझिस्टर दिला, ४७ ओहमचा. त्यातून पाव अँपिअर जातो. टिकल्या जाळणार नाही, पण तेलाच्या पातळ सायीला भीक घालणार नाही. हिशेबानं तीन वॉटचा ताप, मी दहा वॉटचा पांढरा सिरॅमिकवाला लावला. तो किल्ली चालू ठेवून इंजिन बंद असलं तरी तापतो, म्हणून काकांना बजावलं, किल्ली विसरू नका. ते विसरणार.

दांडीचं ढिलं भोक तसंच आहे. त्यात बुश बसवायचा तर इंजिन उतरवावं लागेल, तो विषय उन्हाळ्यात. सध्या महिन्यातून एकदा झाकण काढून टिकल्यांतून कोरं कार्ड ओढायचं, एवढं काम मी काकांवर सोपवलंय. त्यांनी नातवाच्या मुंजीच्या उरलेल्या निमंत्रणपत्रिका त्यासाठी राखून ठेवल्यात. जाड, छान कागद आहे.

संध्याकाळी घड्याळ लावून चालवला. वीस मिनिटं झाली तेव्हा कोणी बोलेना. पंचविसाव्या मिनिटाला काकींनी चहा आणला. पन्नासाव्या मिनिटाला मीच बंद केला, अंधार पडत होता आणि मला पादऱ्याच्या रस्त्यावर रात्री अ‍ॅक्टिवा चालवायला आवडत नाही.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ब्रीदरचं ऐकून मान हलवली आणि विचारलं, "मग त्या पोरानं पाठवलेल्या खोडरबराचं काय केलंस?" ते माझ्या खणात आहे, चिठ्ठी लावून: 'चांगलं आहे, फक्त मॅग्नेटोसाठी.' कधीतरी प्लॅटिनवालं मॅग्नेटो इंजिन दारात येईलच.

हिशेब करताना काकांनी ब्रीदरचे, रेझिस्टरचे, सगळ्या फेऱ्यांच्या पेट्रोलचे पैसे न मागता मोजून दिले. नवीन कॉइलपाशी मात्र बोट ठेवलं. "जूनी तो सारी ज हती ने, बेन?" म्हणजे जुनी तर चांगलीच होती ना?

होती. जुनी परत बसवली, नवीन घेऊन आले. रावपुऱ्याचा दुकानदार वापरलेली कॉइल परत घेत नाही.